इंजिनाचा दम कुठे गेला?

घरात कुणाला ताप आला तर आपण आधी कपाळाला हात लावतो, जीभ बघतो, काल काय खाल्ले ते विचारतो. मग गरज पडली तर डॉक्टरकडे नेतो. यंत्र आजारी पडले म्हणजे मात्र आपण काहीच बघत नाही. हात पुसून थेट मिस्त्रीच्या दाराशी जाऊन उभे राहतो. तो सांगेल ते दुखणे आणि तो सांगेल तो खर्च. आमच्या घरीही असेच चालत असे. १९९५ च्या जानेवारीत एका जुन्या डिझेल इंजिनाने आम्हाला जो धडा दिला, तो आज इतक्या वर्षांनी लिहीत आहोत. शेतावरचा पंप असो, पिठाची गिरणी असो की मुंबईच्या बंदरातली होडी असो, दम गेलेल्या डिझेल इंजिनाचे दुखणे शोधायची रीत एकच आहे, आणि ती कुणालाही शिकता येते.

आमचे गाव मंगळवेढा तालुक्यात, भीमेच्या काठाला. मंगळवेढा म्हटले की लोकांना ज्वारी आठवते, आणि ते खरेच आहे. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर पोसणाऱ्या या मालदांडीला इंजिन लागत नाही. पण ज्वारी घरच्या भाकरीपुरती. वह्या-पुस्तके, कपडालत्ता, दवाखाना यांना रोकड लागते, ती नदीकाठच्या सव्वा एकरातून येई. ही पट्टी आमच्या आजोबांच्या हातून आलेली. १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन गेले, त्यानंतर सरकारात रक्कम भरून जी जमीन नावावर झाली, त्यातलीच ही. आजोबा म्हणत, "वतनाची हुती तवा राबणूक आमची आन् हुकूम दुसऱ्याचा. आता राबणूक बी आपली, पीक बी आपलं." त्यामुळे त्या सव्वा एकराचा आमच्या घराला फार जीव.

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणातून पाणी सोडले की आमच्या बाजूला भीमा भरून वाहते. पण पाणी पात्रात आणि रान वर काठावर. विजेचे खांब त्या काळी आमच्या पट्टीपर्यंत आले नव्हते. म्हणून दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पाच अश्वशक्तीचे एक जुने इंजिन घेतले होते. एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, हँडल मारून चालू करायचे, पट्ट्यावर पंप ओढणारे. काठावर कुडाची खोपी करून ते आत बसवले होते. तासाला लिटर-सव्वा लिटर डिझेल खाई आणि कुरकुर न करता पाणी वर चढवी.

त्या वर्षी सव्वा एकरात गहू होता. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास फुलोऱ्यात आलेला. गव्हाला या वेळी पाण्याचा ताण पडला तर ओंबीत दाणे कमी भरतात, आणि मग कितीही पाणी पाजले तरी गेलेले पीक परत येत नाही. नेमके त्याच आठवड्यात इंजिनाने दम सोडला.

दुखणे मोठे विचित्र होते. सकाळी हँडल मारले की पहिल्या-दुसऱ्या फेऱ्याला इंजिन चालू होई. पाणी जोरात येई. दहा-पंधरा मिनिटे झाली की आवाज बदले. फेरे कमी होत, पाण्याची धार बारीक होई, इंजिन दोन-चार आचके देई आणि बंद पडे. थोडा वेळ थांबून, टाकीत डिझेल आहे की नाही बघून, पुन्हा हँडल मारले की पुन्हा तरुण गड्यासारखे पळे. पुन्हा दहा-पंधरा मिनिटे, पुन्हा तेच.

आम्ही दोघे भाऊ तेव्हा अकरावी-बारावीत. आम्हाला वाटले, डिझेल कमी पडते आहे, तर वाढवून देऊ. म्हणून डिझेल कमी-जास्त करायचा स्क्रू पिळला. इंजिन काळा धूर ओकायला लागले, पण बंद पडायचे काही थांबले नाही. उलट डिझेल जास्त जळू लागले. हा आमचा पहिला शहाणपणा.

मग मिस्त्रीला बोलावले. त्याने काळा धूर बघितला, कान लावला आणि सांगितले, "रिंगा गेल्या. लायनर घासलाय. इंजिन उचलून न्यावं लागंल, बोअर करून पिस्टन बदलावं लागंल." खर्च तीन हजारांच्या घरात आणि आठ-दहा दिवस. दादांनी नेमके काय बिघडले ते दाखवायला सांगितले, तर तो हसून म्हणाला, "तुमाला दाखवून काय कळणार हाय त्यातलं?"

तीन हजार रुपये घरात नव्हते. गोठ्यात एक गाभण म्हैस होती. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराला ती न्यायची असे दादांनी ठरवले. आई काही बोलली नाही. तिने संध्याकाळी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन चूल पेटवली. त्या म्हशीच्या दुधावर आमची धाकटी बहीण नववीत शिकत होती, हे सगळ्यांना माहीत होते.

त्याच सुमारास आमचे चुलते, नाना, गावी आले होते. नाना मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या एका लाँचवर इंजिनाजवळ काम करीत. दर वर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन विजयस्तंभाला मानवंदना द्यायची आणि तिथून गावाकडे यायचे, असा त्यांचा नेम. कोरेगावची भीमा तीच आमच्या रानाला पाणी देणारी भीमा, असे ते कौतुकाने सांगत. संक्रांत करूनच ते परत जात. म्हशीची गोष्ट कानावर आली तशी नानांनी विचारले, "दादा, इंजान बसल्यावर परत जोरात पळतंय म्हणता न्हवं? मग रिंगा गेल्या कशावरनं? घासलेली रिंग काय दहा मिनिटं इसावा घेतल्यावर नवी हुतीय?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

नाना दुसऱ्या दिवशी खोपीवर आले. आल्याबरोबर पान्हा हातात घेतला नाही. आधी नुसते इंजिनाकडे बघत बसले. मग आम्हाला जवळ बसवून म्हणाले, "दर्यात इंजानानं दम सोडला की मिस्त्री कुठनं आणणार? तिथं चार शब्द पाठ असावं लागत्यात. तेल, वारा, धूर, ओझं. ह्याच वळीनं बघायचं. फुकटचं आधी, पैशाचं मागनं. आन् एका टायमाला एकच गोष्ट बदलायची."

त्यांनी होडीचे सांगितले ते आमच्या अजून लक्षात आहे. मुंबईच्या बंदरात शिडाच्या लहान होड्याही असतात, त्यांच्याही पोटात एखादे छोटे डिझेल इंजिन असते. वारा पडला किंवा बंदरात शिरायचे झाले की तेच होडी ओढते. अशा होडीचे इंजिन धक्क्याला बांधलेले असताना छान चालते आणि दर्यात लाटा उसळल्या की दम सोडते. का? तर टाकीच्या तळाशी बसलेला गाळ हेलकाव्याने ढवळतो आणि फिल्टरात जाऊन बसतो. कधी पाण्याखालच्या पंख्याला जाळे नाही तर दोरी गुंडाळते, कधी होडीच्या बुडाला कालवे चिकटून ती जड होते. इंजिन ठणठणीत असते, ओझे वाढलेले असते. माणूस मात्र इंजिनालाच दोष देतो.

डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगीचा प्लग नसतो. आत घेतलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती दाबानेच लालबुंद लोखंडासारखी तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. ही युक्ती ज्याने काढली त्या रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधला. त्याचे वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला त्याचे इंजिन नीट चालून दाखवले गेले. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि हे यंत्र आपल्याकडच्या विहिरी-नद्यांच्या काठापर्यंत पोचले. त्याला लागते काय? स्वच्छ डिझेल, भरपूर हवा, धूर जायला मोकळी वाट आणि झेपेल एवढेच ओझे. नानांचे चार शब्द म्हणजे हेच.

पहिल्यांदा नानांनी आम्ही पिळलेला स्क्रू पूर्वीच्या खुणेवर आणायला लावला. काळा धूर गेला. म्हणजे मिस्त्रीने जो धूर बघून निदान केले, तो धूर आमच्याच हाताने काढलेला होता! नाना म्हणाले, "आधीची खोडी तशीच ठेवून दुसरी खोडी केली की खरं दुखणं झाकून जातं." धुराचा रंगही त्यांनी समजावून दिला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, नाहीतर हवा कमी, नाहीतर ओझे जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे ऑइल जळते आहे, तेव्हा रिंगांचा संशय घ्यावा. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे. आमच्या इंजिनाला निळा धूर नव्हता. ऑइलही पूर्वीइतकेच लागत होते. मग त्यांनी इंजिन बंद असताना हँडल सावकाश फिरवायला लावले. एका जागी ते घट्ट झाले आणि हाताला उसळी मारून मागे रेटू लागले. "ही उसळी हाय तवर रिंगा जित्या हायेत," नाना म्हणाले. तीन हजारांचे दुखणे तिथेच अर्धे पळाले.

मग पहिला शब्द, तेल. टाकीच्या तळाचा स्क्रू सोडून अर्धा पेला डिझेल काचेच्या ग्लासात घेतले. डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी नेहमी खाली बसते. ग्लासच्या बुडाला पाण्याचे थेंब आणि शेवाळासारखा काळपट गाळ दिसला. टाकी धुतली. फिल्टर काढला तर तो काळाकुट्ट. नवा आणून बसवला. फिल्टर उघडला की नळीत हवा शिरते आणि हवेचा बुडबुडा अडकला की डिझेल पुढे सरकत नाही, म्हणून फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत थांबलो आणि मग तो आवळला. नळी सोडून डब्यात धार धरली, धार चांगली मनगटी आली. आम्हाला वाटले, झाले काम. इंजिन चालू केले. पाणी सुटले. आम्ही दोघे भाऊ दाऱ्यावर पळालो. पहिला वाफा भरतो न भरतो तोच धार बारीक झाली आणि इंजिन बंद पडले.

दादा मेढीला टेकून खाली बसले. "ने म्हस बाजाराला," एवढेच म्हणाले.

"अजून तीन शब्द ऱ्हायल्यात की," नाना म्हणाले.

दुसरा शब्द, वारा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला दहा हजार लिटरच्या आसपास हवा लागते. ती सगळी हवा ज्या गाळणीतून जाते, ती आमच्या खोपीत धुळीने आणि कडब्याच्या भुसाने भरून गेली होती. धुऊन, सुकवून, नवे ऑइल घालून बसवली. तिसरा शब्द, धूर. सायलेन्सर काढून काठीने ठोकला तर मूठभर काजळी पडली, पण वाट तशी मोकळी होती. चौथा शब्द, ओझे. पट्टा काढून पंप हाताने फिरवून पाहिला, सहज फिरला. ग्लँड फार आवळलेला नव्हता. फूटव्हॉल्व्हच्या जाळीला पाणवनस्पती गुंडाळल्या होत्या त्या काढल्या. नदीचे पाणी पंपापासून किती खाली आहे ते दोरीने मोजले, कारण कितीही जोर लावला तरी पंप पंचवीस फुटांच्या फार खालून पाणी ओढू शकत नाही. तेही बरोबर निघाले. पट्टा काढून नुसते इंजिन चालवले तर ते पाऊण तास बंद पडले नाही. म्हणजे दोष पंपात म्हणावा, तर पंप निर्दोष. दोष इंजिनात म्हणावा, तर इंजिन मोकळे चालते. आम्ही पार चक्रावून गेलो.

आमची बहीण रोज भाकरी घेऊन खोपीवर येई. नानांनी तिला पहिल्याच दिवशी एक काम दिले होते. इंजिन कधी चालू झाले, कधी बंद पडले आणि त्या आधी आपण काय केले, एवढे वहीत लिहायचे. घरातल्या पुरुषांना ते काम पोरखेळ वाटे. त्या दुपारी ती वही घेऊन नानांच्या पुढे येऊन बसली.

"नाना, टाकी गच्च भरलेली असली की इंजिन सात-आठ मिनिटांतच बंद पडतंय. अर्धी असली की सोळा-सतरा मिनिटं चालतंय. तळाला आली की पंचवीस मिनिटं चाललंय. उलटं व्हायला पायजे ना?"

नानांनी वही हातात घेतली. बराच वेळ बघत राहिले.

"आन् अजून एक," ती म्हणाली. "बंद पडल्यावर तुम्ही झाकण उघडून डिझेल बघता. तवा फुस्स असा आवाज येतोय. मग लगेच चालू होतंय. ज्या वेळी झाकण न उघडता हँडल मारलं, त्या वेळी चालू झालंच न्हाई. दोन वेळा लिवलंय बघा."

आई बाजूला भाकरी सोडत होती. ती सहज म्हणाली, "रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार लागत न्हाई तसंच की. दुसरं भोक पाडावं लागतंय वारं आत जायला."

नाना ताडकन उठले. त्यांनी टाकी काठोकाठ भरायला लावली, झाकण घट्ट बसवले, पट्टा चढवला आणि इंजिन चालू केले. सातव्या मिनिटाला आवाज बदलला. फेरे उतरू लागले. इंजिन आता बंद पडणार, तोच नानांनी झाकण ढिले केले. फुस्स झाले. इंजिनाने दोन आचके घेतले, सावरले, आणि पूर्वीच्याच जोरात पळू लागले. पाण्याची धार पुन्हा मांडीएवढी झाली.

झाकणात वारा आत जायला एक बारीक भोक असते. आम्ही झाकण उलटे करून बघितले तर त्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. पावसाळाभर इंजिन खोपीत बंद होते, तेव्हा केव्हा तरी ते केले असणार. मग पूर्वी इंजिन कसे चालत होते? कारण पूर्वी झाकण सैल होते, त्याच्या कडेने वारा आत जाई. दिवाळीच्या आधी डिझेल सांडते म्हणून आम्ही दोघा भावांनीच सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून झाकणाखाली घातला होता. तेव्हा केवढी शाबासकी मिळाली होती! झाकण घट्ट झाले आणि वारा आत जायची शेवटची वाटही बंद झाली.

पुढचा उलगडा सोपा होता. इंजिन डिझेल ओढी, टाकीतली पातळी उतरे, पण तिच्या जागी वारा येईना. आत पोकळी होऊन ती डिझेलला मागे ओढू लागे आणि खालची धार तुटे. टाकी भरलेली असली की आत वारा थोडाच असतो, म्हणून पोकळी लवकर ओढ धरते आणि इंजिन लवकर मरते. टाकी रिकामी असली की आत वारा पुष्कळ, म्हणून उशिरा मरते. पंप न जोडता नुसते इंजिन चालवले तर ते डिझेल फार कमी खाते, म्हणून तेव्हा दुखणे दिसलेच नाही. आणि नळीची धार बघितली तेव्हा? तेव्हा आम्ही टाकीत डिझेल किती आहे ते बघायला झाकण काढून बाजूला ठेवले होते! दुखणे झाकणात, आणि तपासणी झाकण काढून!

आईने गोधडी शिवायची दाभण दिली. तिने मातीचा गोळा उकरून काढला, भोक साफ झाले. खर्च काहीच नाही. त्या दिवशी इंजिन संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडले नाही. चांदणे पडेपर्यंत आम्ही गव्हाला पाणी पाजत होतो. म्हैस दाव्यालाच राहिली आणि पुढे चैत्रात घरातच व्याली.

त्या मिस्त्रीला आम्ही नावे ठेवत नाही. त्याला काळा धूर दिसला, आणि तो धूर आम्हीच काढलेला होता. शिवाय तो पाच मिनिटे थांबला आणि दुखणे सात मिनिटांनी दिसणारे होते. पण "तुमाला काय कळणार" हे त्याचे बोलणे आम्ही निमूट ऐकून घेतले, ही चूक आमची. आमच्या घरात यंत्राविषयी सगळ्यात कमी बोलणाऱ्या दोघींना, आई आणि बहिणीला, ते कळले. एकीने बघितलेले लिहून ठेवले होते आणि दुसरीने रोजच्या रॉकेलच्या डब्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. आमच्या बापजाद्यांना यंत्राजवळ उभे करत ते झाडायला, पुसायला आणि ओझे उचलायला. ते कसे चालते हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. आणि आपणही विचारायचे विसरून गेलो, ही खरी हानी.

आज आमच्या पट्टीत विजेची मोटार आहे, आणि आसपासच्या रानांत सौरपंपही दिसू लागले आहेत. तरी गिरणी, जनरेटर, ट्रॅक्टर, होडी या रूपांनी डिझेल इंजिन आपल्या अनेक घरांची भाकरी अजून कमावते आहे. म्हणून नानांची रीत थोडक्यात इथे देतो.

इंजिनाचा दम गेला तर आधी आठवावे की शेवटचे नीट चालल्यापासून आपण त्यात काय बदलले. नवा भाग, नवे झाकण, नवे डिझेल, काहीही असो. मग दुखणे केव्हा दिसते ते घड्याळ लावून लिहावे: थंड असताना की तापल्यावर, ओझ्यावर की मोकळे, टाकी भरलेली असताना की रिकामी. विसावा घेतल्यावर पुन्हा दम येत असेल तर रिंगा-पिस्टनच्या आधी डिझेलच्या वाटेचा संशय घ्यावा. टाकीच्या झाकणाचे भोक, तळाचे पाणी, फिल्टर, नळीतली हवा, या क्रमाने बघावे. मग हवेची गाळणी, सायलेन्सर आणि शेवटी पट्टा-पंपाचे ओझे. एवढे करून भागले नाही तर नोझल आणि टॅपेट जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत. इंजिन खोलणे सगळ्यात शेवटी.

जिवाची काळजी त्याहून आधी. हँडल मारताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवावा, इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचते. पट्ट्याजवळ पदर, धोतर, उपरणे लोंबू देऊ नये. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये, तो कातडी फोडून आत शिरतो. आणि बंद खोलीत इंजिन लावून झोपू नये, त्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो.

नाना आता नाहीत. आमची बहीण पुढे परिचारिका झाली. रुग्णाचा ताप, नाडी, औषध तासातासाने लिहून ठेवताना तिला ती खोपी आठवते, असे ती सांगते. जुने इंजिन खोपीत अजून आहे. दर पावसाळ्यानंतर आई, आता डोळ्यांना नीट दिसत नसले तरी, आठवणीने विचारते, "झाकणाचं भोक बघितलं का रं?" आणि आम्ही दोघे, केस पिकलेले भाऊ, निमूटपणे दाभण घेऊन खोपीकडे जातो.